दुखतंय ते आधी सांग

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तू हसलीस आणि हसणं मध्येच तोडलंस. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणालीस, "काही नाही गं आई, पाठ जरा आखडलीय, इथं थंडी आहे ना." आणि लगेच विषय तुमच्या रोइंगच्या बोटीवर नेलास. फोन ठेवला, दिवा मालवला, पण झोप आली नाही. असं अर्ध्यावर तुटलेलं हसणं मी तीन वर्षांपूर्वी ऐकलेलं आहे. तेव्हा मी जे वागले ते अजून मनात सलतंय. फोनवर तू मला बोलू देणार नाहीस, म्हणून लिहितेय. शेवटपर्यंत वाच.

तेव्हा पात्रता फेरीला पाच आठवडे उरले होते. पावसामुळे पाण्यावर जाता येत नव्हतं, म्हणून आठवडाभर तुमचं सगळं अर्गोवरच, त्या जमिनीवर वल्हवायच्या यंत्रावरच, चाललं होतं. एका रात्री तू मला म्हणालीस, उजव्या खांद्याच्या पात्याखाली दुखतंय, कूस बदलताना कळ येते. ना कोचना सांगितलंस, ना फिजिओला. फक्त मला सांगितलंस. आणि मी काय केलं? तुला सिल्कन लॉमनची गोष्ट सांगितली. कॅनडाची ती स्कलर, दोन वल्ह्यांनी एकटी बोट चालवणारी, 1991 ची विश्वविजेती. 1992 च्या मे महिन्यात जर्मनीत एसेनला शर्यतीआधी वॉर्म-अप करताना दुसरी बोट तिच्या बोटीवर आदळली आणि पायाच्या पोटरीचं मांस फाटून निघालं. शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या. बार्सिलोना ऑलिंपिकला तेव्हा जेमतेम दहा आठवडे होते. तरी ती तिथल्या रोइंगसाठी बान्योलेसच्या तळ्यावर उतरली आणि सिंगल स्कल्समध्ये कांस्य घेऊन गेली. मी म्हणाले, "बघ, तिनं केवढं सोसलं, तुझं तर नुसतं आखडलंय. थोडं सहन कर."

तू सहन केलंस. बारा दिवस. तेराव्या दिवशी तुला खोकला आला आणि तू बोट धक्क्याला लावायच्या आधीच कोसळलीस.

पहिल्या एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही, तेव्हा मला हायसं वाटलं होतं. ते हायसं वाटणं आठवलं तरी लाज वाटते. चार दिवसांनी एमआरआय झाला आणि सातव्या बरगडीत भेग निघाली. पात्रता फेरी गेली. तुझी गेली तशी तुझ्या जोडीदारणीचीही गेली. डबल स्कल्सची बोट एकटीनं जात नाही. तिनं तुला एका शब्दानं बोल लावला नाही, पण तिची आई मला किनाऱ्यावर भेटली तेव्हा माझ्याच्यानं वर बघवलं नव्हतं.

लॉमनची गोष्ट खरी आहे, ती मी चुकीच्या ठिकाणी सांगितली. तिची जखम जगाला दिसत होती. डॉक्टर, कोच, संघ, सगळ्यांना ठाऊक होतं काय फाटलंय आणि काय शिवलंय. त्या दहा आठवड्यांत तिनं जे केलं ते उघड्या जखमेवर, डॉक्टरांच्या नजरेखाली केलं. तुझ्या बरगडीचं फक्त दोघींना माहीत होतं, आणि त्यातल्या एकीनं तुला गप्प राहायला शिकवलं. ब्रिटनचा रोअर स्टीव्ह रेडग्रेव्ह, त्याला 1997 मध्ये मधुमेह निघाला. 1984 पासून ऑलिंपिकची चार सुवर्णं घेतलेला माणूस. तो सुया आणि रक्तातल्या साखरेचा हिशेब सांभाळत 2000 ला सिडनीत पाचवं जिंकला. ते जमलं, कारण आजार काय आहे हे माहीत होतं. नाव न दिलेल्या दुखण्याशी कुणी कसं लढणार?

त्या उन्हाळ्यात मी बरगड्यांबद्दल मिळेल ते वाचून काढलं, तुमच्या डॉक्टरांना विचारून विचारून भंडावलं. तुझे पाय फूटस्ट्रेचरवर, बोटीतल्या त्या पाय टेकायच्या फळीवर, जो जोर मारतात, तो पाठीतून, बरगड्यांच्या पिंजऱ्यावरून हातात आणि तिथून वल्ह्यात उतरतो. खांद्याचं पातं धरून ठेवणारे स्नायू बरगडीला एकीकडे ओढतात, पोटाचे तिरके स्नायू दुसरीकडे. वल्ह्याच्या एका ओढीला, एका स्ट्रोकला, काही होत नाही. पण मिनिटाला अठरा-वीसच्या रेटनं पाण्यावरची दीड तासाची एक आउटिंग म्हणजे सोळाशे ते अठराशे स्ट्रोक, आणि अशा दिवसाला दोन. हाड रोज थोडं झिजतं आणि रोज थोडं भरून येतं. भार एकदम वाढला, किंवा भरून यायला शरीराकडे काही उरलंच नाही, की झीज पुढे जाते. रोअरच्या बरगड्या बहुतेक वेळा अशाच मोडतात, एका झटक्यात नाही. आणि मोडायच्या आधी त्या सांगतात. खोल श्वासात, शिंकेत, हसण्यात, कूस बदलताना.

म्हणून काल मी दचकले.

आता हिशेब कर. जागतिक अजिंक्यपदाला सदतीस दिवस आहेत. भेग पूर्ण पडली तर चार ते सहा आठवडे, म्हणजे सगळं संपलं. पण हाडावर नुसता ताण आला असेल आणि तो आज कळला, तर काही दिवस पाण्याबाहेर राहून, सायकलवर दम टिकवून तू परत बसू शकतेस. हे मी मनचं सांगत नाही, त्या वेळी डॉक्टरांनीच सांगितलं होतं: "पहिल्या आठवड्यात आली असती तर." ते वाक्य मी विसरलेले नाही. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून थांबू नकोस. सुरुवातीची भेग त्यात पुष्कळदा दिसतच नाही.

निघण्याआधी तू म्हणाली होतीस, कॅम्पात कुणी दुखतंय म्हणालं की बाकीच्या बघतात. मला ते कळतं. स्त्रियांना ऑलिंपिकच्या रोइंगमध्ये जागा मिळाली तीच 1976 ला मॉन्ट्रियलमध्ये, आणि तीही 1000 मीटरची. पुरुषांइतकं 2000 मीटर अंतर मिळायला 1988 चं सोल उजाडलं. मुली पुऱ्या पडतात हे दाखवण्याचं ओझं तुमच्या आधीच्या पिढ्यांनी वाहिलं. ते तुला आता वाहायचं नाही. तुझं काम सात मिनिटं बोट पळवण्याचं आहे.

आणखी एक विचारायचंय, तेही फोनवर तू टाळतेस. पाळी नीट येतेय का? ल्युसर्नच्या वर्ल्ड कपनंतर तू बारीक दिसत होतीस. तिथल्या रोटझे तळ्यावरच्या त्या फायनलचे फोटो मी मोठे करून बघितले, तुझ्या गळ्याची हाडं वर आली होती. आता तुम्ही स्वित्झर्लंडच्या डोंगरात सेंट मॉरिट्झला, सुमारे 1770 मीटर उंचीवर कॅम्पला आहात. तिथं हवा विरळ, झोप हलकी, भूक मरते, आणि शरीर मात्र बसल्या जागी जास्त जाळतं. रक्तात तांबड्या पेशी वाढाव्यात म्हणून तुम्ही डोंगरावर गेलात, पण त्या घडायला लोह लागतं आणि अन्न लागतं. खाण्यापेक्षा खर्च जास्त झाला की शरीर आधी पाळी थांबवतं, मग हाडांची डागडुजी. पाळी चुकली तर ती व्यायामाची खूण समजू नकोस. बरगडीइतकंच तेही डॉक्टरांच्या कानावर घाल. लोहाच्या गोळ्या रक्त तपासल्याशिवाय घ्यायच्या नाहीत, हे तुला माहीत आहे, तरी लिहिते.

आणि दुखणं झाकायला गोळी घेऊन पाण्यावर जायचं नाही. आयबुप्रोफेनवर बंदी नाही, पण ती फक्त निरोप अडवते, भेग बुजवत नाही. ट्रॅमाडॉल या दुखण्यावरच्या जबर गोळीला तर हातच लावू नकोस, 2024 पासून स्पर्धेच्या काळात त्यावर बंदी आहे. विमानात हमखास कुणालातरी सर्दी होते. जोडीदारणीनं प्रेमानं दिलेली सर्दीची गोळीही डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तोंडात टाकू नकोस. तसल्या गोळ्यांत असणारं स्यूडोएफेड्रिन ठरावीक प्रमाणापलीकडे नमुन्यात सापडलं तर कुणी प्रेम बघत नाही. हात धूत राहा, मास्क लाव. खोकलाच होऊ नये हे बघ. तुझ्या बरगडीला एक खोकला पुरला होता, आठवतंय ना?

प्रवासाचं बाकी तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. तरी एक राहवत नाही. उत्तेजक तपासणीवाल्यांसाठीची ठावठिकाण्याची नोंद निघायच्या आदल्या रात्रीच बदल. रोजची ती साठ मिनिटांची वेळ जुन्या हॉटेलच्या पत्त्यावर राहिली आणि तपासणीवाले तिथं गेले, तर ती चूक तुझ्या नावावर बसते. बारा महिन्यांत तशा तीन झाल्या की बंदीची पाळी येते. घड्याळाच्या सहा तासांच्या फरकानं पूर्वेकडे जायचं म्हणजे घड्याळाशी जुळायला ढोबळमानानं तासाला एक दिवस. म्हणजे पहिला आठवडा शरीर धड कुठलंच नसणार. त्या आठवड्यात जोराची आउटिंग ठेवली असेल तर कोचशी बोल. न झोपलेलं अंग आणि नवी बोट हे दोन्ही एकदम नको.

नवी बोट म्हणते, कारण या वेळी तुमची बोट मागेच राहणार आणि स्पर्धेच्या ठिकाणी भाड्याची मिळणार, असं तू सांगितलंस. याचीच मला बरगडीइतकी काळजी आहे. रिगर, म्हणजे वल्हं तोलणारा बोटीबाहेरचा दांडा, अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे झाला किंवा वल्हं अडकवायचं गेट उंच बसलं, तरी तुझं शरीर ते भरून काढायला वाकतं, आणि वाकतं ते दुखऱ्या बाजूला. तुझ्या वहीत स्पॅन, गेटची उंची, पिच, फूटस्ट्रेचरची खूण, बोटीची सगळी मापं लिहिलेली आहेतच. ती वही सामानात टाकू नकोस, हातात ठेव. पहिल्या दिवशी पाण्यावर जायची घाई न करता दोघींनी टेप घेऊन बोटीपाशी बसा. वजनही करून घ्या. डबलला 27 किलो लागतात, कमी भरली तर वजन लावून घ्या. शर्यतीनंतर काट्यावर कळण्यात अर्थ नाही.

तू 'बो'च्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडच्या जागेवर बसतेस, म्हणजे मागे वळून बघण्याचं काम तुझं. मान आणि पाठ त्याच बाजूला पिळते, हेही फिजिओला दाखव. पण दुखतं म्हणून बघणं कमी करू नकोस. परक्या तळ्यावर पहिल्या सकाळी वॉर्म-अपची लेन कुठली, परतीची कुठली, हा नकाशा आधी पाठ कर. लॉमनच्या पायाचं जे झालं ते शर्यतीत नाही, वॉर्म-अपमध्ये झालं. त्या गोष्टीतून खरं घ्यायचं होतं ते हे, आणि मी तुला भलतंच दिलं.

वाऱ्याचं कुणाच्या हातात नाही. 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये पहिल्याच दिवशी सर्बियाची जोडी पाण्यात उलटली, आणि दुसऱ्या दिवशी वाऱ्यामुळे शर्यतीच झाल्या नाहीत. 1896 च्या पहिल्या ऑलिंपिकमध्ये तर हवामानामुळे रोइंग झालंच नाही. तेव्हा तयार होऊन बसायचं, पुन्हा उठायचं, पुन्हा गरम व्हायचं, असं होऊ शकतं. जेमतेम टिकवून धरलेलं शरीर अशा दिवशी दगा देतं, म्हणूनही म्हणते.

बाबांना मी हे पत्र वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. आमच्या दोघांच्या तिकिटांचे कागद त्यांनी कपाटातून काढून माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाले, "हे फाडावे लागले तरी चालेल, तिला सांग." तेच सांगतेय. तू शर्यतीत नसलीस तर आम्ही तुला न्यायला येऊ. असलीस तर 1500 मीटरच्या खुणेपाशी उभे राहू, तिथं तू नेहमी डोळे मिटतेस. यातलं काहीही झालं तरी आम्हाला कमीपणा नाही. पण लपवून तू स्टार्टला गेलीस आणि पाचशे मीटरवर तुझं वल्हं थांबलं, तर त्या मुलीला काय सांगशील, जी तुझ्यामागोमाग चार वर्षं पहाटे उठली? तिला आज सांग, माझ्याही आधी.

उद्या पहाटेच्या आउटिंगआधी फिजिओच्या दारात जा. नेमकं बोट ठेवून दाखव कुठे दुखतं, किती दिवस, कशानं वाढतं. "आखडलंय" हा शब्द वापरू नकोस. मागच्या वेळचा एमआरआय तुमच्या डॉक्टरांकडे आहे, तो काढायला सांग.

मग मला फोन कर. बातमी काहीही असो, बोलायला लागण्याआधी एक खोल श्वास घे, छाती भरून. मला तो ऐकायचा आहे.

तुझी,
आई