पिवळी खपली म्हणजे अडकलेली कात नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बिअर्डेड ड्रॅगन पाळणाऱ्या वाचकांसाठी हे पत्र लिहीत आहोत. या सरड्याच्या अंगावर पिवळसर किंवा तपकिरी खपली दिसली की घरात बहुधा एकच निष्कर्ष निघतो, कात अडकली असेल. मग कोमट पाण्यात बसवणे, तेल लावणे, घरात असलेले प्रतिजैविक मलम चोळणे सुरू होते. यात तीन-चार आठवडे सहज जातात. दुखणे साध्या कातेचे असेल तर काही बिघडत नाही. पण ते 'पिवळ्या बुरशी'चे असेल, तर याच आठवड्यांत बुरशी कातडीतून स्नायूत आणि स्नायूतून हाडात उतरते. आमच्या दवाखान्यात येणारे बरेच सरडे या टप्प्यावर पोहोचलेले असतात. म्हणून हा आजार कसा ओळखायचा आणि उपचार कसे चालतात, हे जरा सविस्तर मांडतो.

या आजाराचे मुख्य कारण नॅनिझिऑप्सिस ग्वारोई ही बुरशी. २०१३ मध्ये या गटाचे नव्याने वर्गीकरण होईपर्यंत ती 'सीएएनव्ही' या आद्याक्षरांनी ओळखली जाई, त्यामुळे जुन्या लिखाणात तेच नाव सापडते. मातीत वाढणाऱ्या साध्या बुरशीसारखी ती नाही. केराटिन (नखे-केस ज्याचे बनतात ते प्रथिन) हेच तिचे अन्न आहे, आणि सरड्याचे खवले केराटिनचेच असतात. सुरुवात बहुधा जबड्याच्या कडेला, पायांवर, पोटावर किंवा गुदद्वाराजवळ होते. आधी काही खवल्यांचा रंग बदलतो, मग ते जाड व खडबडीत होतात, त्यावर पिवळी-तपकिरी खपली धरते. खपली निघाली की खाली ओली, लाल जखम दिसते.

कातेशी गल्लत कशी टाळायची? कात टाकताना कातडी पांढुरकी, कोरडी आणि पातळ होते, सुटताना तुकड्या-तुकड्याने सुटते आणि खालची नवी कातडी स्वच्छ, चमकदार असते. संसर्गात खपली एकाच जागी चिकटून राहते, तिची कडा बाहेर सरकत जाते आणि खालचे मांस दुखरे असते. फसवणारी गोष्ट अशी की कात टाकल्यावर काही दिवस ती जागा बरी झाल्यासारखी वाटते. पुढच्या कातेपूर्वी खपली त्याच ठिकाणी परत आली, तर आणखी वाट पाहू नये. डाग दिसल्यापासून दर तीन दिवसांनी शेजारी मोजपट्टी ठेवून, त्याच प्रकाशात फोटो काढावा. डाग वाढतो आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही, मोजपट्टीला कळते.

अर्थात प्रत्येक खपली बुरशीची नसते. दिव्याने भाजलेली जखम, खाद्य म्हणून रात्री पेटीत मोकळ्या सोडलेल्या नाकतोड्यांनी घेतलेले चावे, जिवाणूंचा संसर्ग आणि माइट (कातडीवरचे बारीक परजीवी किडे) हेही असेच दिसू शकतात. त्यात भाजलेल्या किंवा चावलेल्या जागेवर नंतर बुरशी बसते, आणि बुरशीने उघडलेल्या जखमेत जिवाणू शिरतात. त्यामुळे नुसते पाहून औषध ठरवणे धोक्याचे आहे. पशुवैद्याकडे गेल्यावर पहिला प्रश्न 'कोणते औषध?' हा नको, 'नमुना कधी घेणार?' हा हवा.

नमुना म्हणजे बायोप्सी. वरून खरवडून घेतलेल्या खपलीत वातावरणातल्या निरुपद्रवी बुरशी आणि जिवाणू भरपूर असतात, त्यामुळे तिच्यावरून खात्री देता येत नाही. जखमेच्या कडेचा, थोडी निरोगी कातडीही येईल असा तुकडा भूल देऊन काढतात आणि त्याचे दोन भाग करतात. एक १० टक्के फॉर्मलिनमध्ये जातो. बुरशीचे धागे ऊतीत घुसलेले आहेत का, हे त्यात सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. दुसरा निर्जंतुक डबीत, फॉर्मलिन न लावता, कल्चर (प्रयोगशाळेत बुरशी वाढवून पाहणे) आणि पीसीआर (तिचा डीएनए शोधणारी चाचणी) यांसाठी जातो. दोन्ही तुकडे एकाच फॉर्मलिनच्या बाटलीत गेले की कल्चरची संधी गेलीच. प्रयोगशाळेला 'सरपटणाऱ्या प्राण्याचा नमुना, ३० अंश सेल्सिअसला वाढवावा' असे लिहून द्यायला हवे. माणसाच्या नमुन्यांच्या सवयीने ३७ अंशांवर ठेवल्यास ही बुरशी नीट वाढत नाही आणि अहवाल खोटा 'निगेटिव्ह' येतो. वाढीला दोन-तीन आठवडेही लागतात, म्हणून पीसीआर सोबत असलेली बरी. नमुना घ्यायच्या आधीचे दोन-तीन दिवस जखमेवर मलम किंवा जंतुनाशक लावू नये.

आता औषध. ही बुरशी आत शिरलेली असल्याने नुसत्या मलमाने ती बरी होत नाही. तोंडातून बुरशीविरोधी औषध द्यावेच लागते. या बाबतीत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आम्हाला फार मोलाचा वाटतो. त्यात इट्राकोनॅझोल किलोमागे ५ मिलिग्रॅम आणि व्होरिकोनॅझोल किलोमागे १० मिलिग्रॅम, दोन्ही दिवसातून एकदा, अशी या दोन बुरशीविरोधी औषधांची तुलना केली होती. इट्राकोनॅझोल दिलेल्या ७ सरड्यांपैकी ५ दगावले, व्होरिकोनॅझोल दिलेल्या ७ पैकी एकच. बुरशी नाहीशी व्हायला इट्राकोनॅझोलने सरासरी २७ दिवस लागले, व्होरिकोनॅझोलने ४७. म्हणजे लवकर गुण देणारे औषध सरड्यालाच झेपले नव्हते. त्यामुळे आज पहिली निवड बहुधा व्होरिकोनॅझोलची असते. काही वेळा टर्बिनाफिन वापरतात. दोन्ही औषधे सरड्याला तपासल्याशिवाय देण्याची नाहीत. खालचे गणित देतो ते पशुवैद्याने लिहिलेला डोस घरी बिनचूक दिला जावा म्हणून.

सरड्याचे वजन ४०० ग्रॅम, म्हणजे ०.४ किलो. किलोमागे १० मिलिग्रॅम म्हटल्यास डोस ४ मिलिग्रॅम. हाती आलेल्या द्रवात दर मिलिलिटरला ४० मिलिग्रॅम औषध असेल, तर द्यायचे फक्त ०.१ मिलिलिटर. तेच औषध १० मिलिग्रॅमच्या प्रमाणात बनवलेले असेल, तर ०.४ मिलिलिटर. बाटली बदलली की मिलिलिटर बदलतात, म्हणून चिठ्ठीवर मिलिग्रॅम, द्रवाचे प्रमाण आणि मिलिलिटर हे तिन्ही आकडे लिहून घ्यावेत. ०.१ ऐवजी १ मिलिलिटर दिले गेले, तर डोस दहापट होतो. मोजायला १ मिलिलिटरची सुई नसलेली सिरिंज वापरावी. इन्सुलिनच्या सिरिंजवरचे आकडे युनिटचे असतात: यू-१०० सिरिंजवर १० युनिट म्हणजे ०.१ मिलिलिटर, पण यू-४० सिरिंजवर तेच १० युनिट म्हणजे पाव मिलिलिटर. बाटली दर वेळी चांगली हलवावी, कारण औषध तळाशी बसते. तसे झाले की सुरुवातीचे डोस पातळ आणि शेवटचे घट्ट जातात.

देताना सरडा आधी उबदार झालेला असावा. जबडा ओढून उघडू नये. ओठाच्या कडेला हलके थोपटले की बहुतेक सरडे तोंड उघडतात. सिरिंज तोंडाच्या कोपऱ्यातून आत घेऊन थेंब-थेंब सोडावे. जिभेच्या बुडाशीच श्वासनलिकेचे तोंड असते, तिथे जोराने सोडलेले औषध फुप्फुसात जाऊ शकते.

औषध सुरू करण्यापूर्वी रक्त तपासून यकृताची आणि युरिक अॅसिडची पातळी पाहून ठेवावी, आणि उपचार चालू असताना दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा. मध्येच खाणे एकदम बंद झाले, सरडा मलूल पडला, तर पुढचा डोस देण्याआधी पशुवैद्याशी बोलावे. वजन एक-दोन दिवसांआड, सकाळी, ग्रॅमच्या काट्यावर करून लिहून ठेवावे. सुरुवातीच्या वजनात दहा टक्के घट झाली, तर ती गंभीर समजावी. डोसही नव्या वजनाप्रमाणे बदलतो.

जिवाणूंचा संसर्ग सोबत असेल तर त्याच्या कल्चरनुसार प्रतिजैविक लागते. ते बुरशीवर चालत नाही. स्टिरॉइड असलेली मलमे मात्र कटाक्षाने टाळावीत. खाज आणि लाली कमी होते म्हणून ती परिणामकारक वाटतात, पण शरीराचा प्रतिकारच दाबतात आणि बुरशीला मोकळे रान मिळते. वेदनाशामक मिसळलेली मलमेही नकोत. माणसासाठी निरुपद्रवी असलेले लोकल अॅनेस्थेटिक (जागा बधिर करणारे औषध) या लहान जिवाला जड जाते.

जखमेची रोजची देखभाल साधी ठेवावी. पोव्हिडोन आयोडीन पाण्यात पातळ करून, फिक्या चहाच्या रंगाचे झाले की पुरे. किंवा २ टक्के क्लोरहेक्सिडिनचा एक भाग आणि पाण्याचे ३९ भाग, म्हणजे ०.०५ टक्के. क्लोरहेक्सिडिन डोळ्यांत, तोंडात जाता कामा नये. गॉझने हलके पुसावे, कोरडे करावे, पशुवैद्याने सांगितले असल्यास सिल्व्हर सल्फाडायझिनचा पातळ थर द्यावा. चिकटलेली खपली नखाने उपटू नये. मेलेले ऊतक काढायचे असेल तर ते भूल आणि वेदनाशामक देऊन दवाखान्यातच काढतात. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज वापरल्यास भरत आलेली कातडीही जळते. तेल व जाड लेप ओलावा कोंडून ठेवतात, आणि बुरशीला तेच हवे असते. रोज तासभर पाण्यात बसवण्याचेही तेच.

इतके करूनही पेटी थंड राहिली तर औषध वाया जाते, ही गोष्ट आम्ही सर्वांत जास्त वेळा सांगतो. सरडा स्वतःची उष्णता तयार करत नाही. अन्न पचणे, औषध शोषले जाणे, पांढऱ्या पेशींचे काम, हे सारे बाहेरच्या उबेवर अवलंबून असते. ऊन घेण्याच्या जागेचा पृष्ठभाग ३८ ते ४२ अंश, थंड बाजू २४ ते २८ अंश, आणि रात्री २० अंशांच्या खाली नाही. हे दिव्याच्या खोक्यावरून ठरवू नये, पृष्ठभागाचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजावे. आर्द्रता ३० ते ४० टक्के. गरम होणारे दगड काढून टाकावेत. सरड्याला पोटाखालचा चटका वेळेवर कळत नाही. दिव्याला जाळी असावी. यूव्ही-बी (अतिनील किरण) देणाऱ्या नळीचा उजेड दिसत राहतो तरी यूव्ही-बी कमी होत जाते, म्हणून साधारण वर्षाने ती बदलावी, किंवा मीटरने मोजावी.

आजारी सरड्याची पेटी रिकामी करून तळाला साधा कागद घालावा, रोज बदलावा. वाळू, लाकडी फांद्या, सच्छिद्र सजावट फेकून द्यावी. त्यात दडलेले बीजाणू धुऊन जात नाहीत. पेटी आधी साबणाने घासून घ्यावी, मग घरगुती ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग असे मिश्रण दहा मिनिटे ठेवून, भरपूर धुऊन पूर्ण कोरडी करावी. घाण असलेल्या पृष्ठभागावर ब्लीच काम करत नाही, त्यामुळे घासणे टाळता येत नाही. ब्लीचमध्ये दुसरे कोणतेही साफसफाईचे द्रव्य मिसळू नये. सरडा त्या वेळी दुसऱ्या खोलीत असावा.

औषध किती दिवस? याचे उत्तर कॅलेंडर देत नाही. जखम पूर्ण भरून, एक-दोन काती स्वच्छ निघून, पुन्हा घेतलेला नमुना निगेटिव्ह येईपर्यंत. म्हणजे बहुधा काही महिने. 'बरा दिसतोय' म्हणून मध्येच थांबवलेल्या उपचारानंतर आजार उलटलेला आम्ही वारंवार पाहतो. बोट किंवा शेपटीच्या टोकाचे हाड गेले असेल, तर एक्स-रे काढून तो भाग काढून टाकणे हाच सुरक्षित मार्ग असतो. यकृत किंवा फुप्फुसापर्यंत पोहोचलेल्या संसर्गात वाचण्याची शक्यता कमी असते, हे पालकांना सुरुवातीलाच स्पष्ट सांगायला हवे. सरडा खात नाही, उठत नाही, वेदना आटोक्यात येत नाहीत, अशा वेळी त्याला वेदनारहित मृत्यू देण्याचा विचार करणे क्रूरपणाचे नाही.

घरात दुसरा सरडा असेल तर त्याला आजच वेगळ्या खोलीत हलवावे. चिमटे, पाण्याची भांडी, टॉवेल वेगळे. काम नेहमी निरोगी सरड्यापासून सुरू करून आजारी सरड्याशी संपवावे, हातमोजे घालावेत, नंतर साबणाने हात धुवावेत. या गटातल्या इतर बुरशींमुळे प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसांना संसर्ग झाल्याच्या नोंदी आहेत, आणि साल्मोनेला हा माणसाला पोटाचा आजार करणारा जिवाणू तर निरोगी दिसणाऱ्या सरड्यातही असतो. घरात कुणाची केमोथेरपी चालू असेल किंवा अवयव प्रत्यारोपण झाले असेल, तर जखमेची देखभाल त्या व्यक्तीने करू नये. नवा सरडा आणल्यास किमान तीन महिने वेगळा ठेवावा, आणि त्या काळात त्याच्या पोटाची बाजू व जबड्याची कडा दर आठवड्याला उजेडात नीट पाहावी.

आपले,
सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्य