बंड्या, चार नंबर माझा होता

प्रिय बंड्या,

तुझा तो सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज काल रात्री भांडी घासताना ऐकला. पोरगी रुसलीये म्हणे, पथकात सत्तर ढोल, त्यात मी वाजवलं काय न वाजवलं काय, कुणाच्या बापाला कळतंय. (बापाला म्हणाली यातच सगळं आलं.) आणि वर तू म्हणतोस की तू तिकडे कसलंसं पथक करायचास ना, तिला सांग जरा. फोनवर सांगायला गेलो तर तू मध्येमध्ये बोलतोस, म्हणून पत्रच लिहितोय, निवांत वाच.

आठवीची परीक्षा झाली आणि १९९७ च्या जूनमध्ये आम्ही इकडे न्यू जर्सीला आलो. तोवर आपल्याला शाळेच्या पथकात ताशाला कुणी हात लावू देत नव्हतं, ढोलच. इकडे पहिल्या गणपतीला कुणाच्यातरी गॅरेजमध्ये कॅसेटवर आरती, आणि मी हात खिशात घालून उभा. सप्टेंबरात हायस्कूलच्या बँडमध्ये गेलो, फुटबॉलच्या मॅचला वाजवतात तो, आणि सरांनी विचारलं काय येतं, तर मी कमरेवर हात मारून दाखवला. त्यांनी गळ्यात बेस ड्रम अडकवला. बास, तिथून सुरुवात.

पण तुला जे सांगायचंय ते त्या बँडचं नाही. २००१ मध्ये शाळा संपली आणि मी ड्रम कोरमध्ये गेलो. स्पेलिंग असं की आईने फॉर्म वाचला आणि घाबरून म्हणाली, कॉर्प्स म्हणजे प्रेत ना रे? प्रेत नाही गं आई, कोर, ड्रम अँड बिगूल कोर. ही भानगड पहिल्या महायुद्धानंतरची. परत आलेल्या सैनिकांच्या अमेरिकन लीजनसारख्या संघटना होत्या, लष्कराचे उरलेले बिगूल पडलेले होते, मग गावागावात पोरांची पथकं निघाली आणि लगेच आमचं भारी की तुमचं भारी. (आपल्याकडे मंडळांचं काय वेगळं आहे?) पुढे १९७२ मध्ये ड्रम कोर इंटरनॅशनलची पहिली चॅम्पियनशिप विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला झाली आणि तेव्हापासून सगळे त्याच एका फायनलसाठी मरतात. बासरी, क्लॅरिनेट काही नाही, तेव्हा फक्त पितळी वाद्यं, ड्रम आणि झेंडे फिरवणारे. आणि वयाच्या २१ व्या वर्षीचा सीझन झाला की विषय संपला, त्याला एज-आउट म्हणतात.

आमची कोर छोटी, डिव्हिजन टू म्हणजे छोट्या कोरच्या गटातली, शंभरसुद्धा पोरं नव्हती. २००० मध्ये नियम बदलला, कुठल्याही सुराची वाद्यं चालतील असं झालं, मोठ्या कोरवाले नवीकोरी घेऊन मोकळे झाले, आमच्याकडे पैसे कुठले, आमचे तेच जुने जी सुराचे पोचे पडलेले बिगूल. पण समोर उभं राहून ऐकलंस ना तर छातीत घुसायचा तो आवाज.

आता मुद्द्याचं, हे पोरीला नीट वाचून दाखव. आपल्याकडे ताशाची तर्री, म्हणजे ती भरभर टोल्यांची लड, एकटा ताशावाला काढतो, बरोबर? तिथं बेस ड्रम पाच असतात, पाच मापांचे, पाच सुरांचे, आणि तसलीच तर्री पाच जणांत फोडलेली असते. म्हणजे एक नंबरने एक टोला मारायचा, लगेच दोनने, लगेच तीनने, चार, पाच, आणि ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे एकच माणूस वाजवतोय. मी चार नंबर. अख्ख्या तुकड्यात कधीकधी माझा एकच टोला, पण तो त्या सेकंदाच्या त्याच तुकड्यात पडला पाहिजे. तो नाही पडला तर दात पडलेल्या तोंडासारखं दिसतं, म्हणजे ऐकू येतं. लपायला जागाच नाही. सत्तर ढोलांत मी कितीतरी वेळा नुसतं टिपरू हलवलंय हे तुला माहितीये, तूही हलवलंयस.

आणि हे उभं राहून नाही हां. तो अठ्ठावीस इंची ड्रम छातीवर, खांद्यावर अडकवायच्या हार्नेससकट पंधरा किलो तरी असेल, समोरचं काही दिसत नाही, ड्रमचं पान प्रेक्षकांकडे राहावं म्हणून आपण कडेला तोंड करून उभे आणि चालायचं मात्र खेकड्यासारखं आडवं, पायावर पाय टाकत. पाच यार्डांत आठ पावलं, एक पाऊल साडेबावीस इंचांचं, कमी नाही जास्त नाही. गळ्यात दोरीने बांधलेली एक वही, तिच्यात प्रत्येक सेटला, म्हणजे प्रत्येक रचनेला, तू मैदानात कुठे उभा ते लिहिलेलं, चाळीस यार्डाच्या रेषेपासून दोन पावलं आत, हॅशच्या, म्हणजे मैदानावरच्या खुणांच्या, मागे सहा पावलं, असं. तोंडाने सगळे ड्रमवाले दट दट दट करत असतात, तालासाठी. पहिल्या दिवशी मला वाटलं यांना उचकी लागलीये.

थंडीत महिन्यातून एक वीकेंड कॅम्प, मग मे संपता संपता घर सोडायचं ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत. रात्री शो झाला की बसमध्ये झोप, पहाटे कुठल्यातरी गावातल्या शाळेच्या जिममध्ये उतरायचं, लाकडी फ्लोअरवर हवेची गादी टाकून दोन तास आडवं व्हायचं की रिहर्सल, बारा बारा तास, उन्हात, ताल देणाऱ्या मेट्रोनोमची टकटक डोक्यात बसायची, अजून कधी फ्रीजचा आवाज तसा येतो. जेवण आमच्याच ट्रकमधून, कुणाकुणाच्या आया येऊन रांधायच्या. मी शाकाहारी एकटाच, त्यामुळे त्यांनी माझं नावच चीज ठेवलेलं. आईने मेतकुटाची बरणी पाठवली होती, ती तिघा बिगूलवाल्यांनी पीनट बटर सँडविचवर भुरभुरवून तीन दिवसांत संपवली. काय बोलणार.

बाबांना यातलं काहीच पटलं नाही. तो उंच टोप, वर तुरा, सोनेरी बटणं, पांढरे पट्टे, फोटो बघून म्हणाले, इंजिनिअरिंगला आलायस की वरातीला? खरं सांगू, पहिल्यांदा आरशात बघितलं तेव्हा मलापण आपल्या लग्नातले बँडवालेच आठवले. पण टोप डोक्यावर चढला की मान आपोआप वर होते रे.

आता ॲलनटाउन. पेनसिल्व्हेनियात आहे, ऑगस्टच्या सुरुवातीला दोन रात्री मोठा शो असतो, जे. बर्नी क्रम स्टेडियमवर. आपल्या पुण्यात अलका चौकात पथक येतं तेव्हा कशी जाणकार पब्लिक असते, कोण कुठे चुकलं बरोबर ओळखणारी, तसले लोक तिथे बसतात. २००२, आमची दुसरी वारी, आई पहिल्यांदाच बघायला आलेली, मांडीवर पोळीभाजीचा डबा. दुपारी पाऊस झालेला, गवत ओलं. शोच्या मध्यावर पस्तीस यार्डाच्या रेषेवरून पंचेचाळीसकडे आडवं जायचं होतं आणि नेमकी तिथेच आमची सगळ्यात मोठी तर्री. माझा मागचा पाय सरकला आणि मी पाठीवर. वर ड्रम. कासव उलटं पडतं ना, अगदी तस्सं, हातपाय हवेत, हातात मॅलेट, म्हणजे ड्रमची काठी, आणि वरून ऐकू येतंय एक दोन तीन... पाच. एक दोन तीन... पाच. माझ्या नावाचं भोक. कलर गार्डच्या एका मुलीने झेंडा फिरवता फिरवता हार्नेसला धरून मला उठवलं, कसं ते तिलाच माहीत, आणि मी पळत जागेवर गेलो. आई म्हणते ती स्टँडमधून ओरडली, लागलं का रे. मला ऐकू आलं नाही.

तेव्हा जज मैदानात आमच्यामधून फिरायचे, हातातल्या टेपरेकॉर्डरमध्ये बोलत. ती टेप नंतर आम्हाला ऐकवायचे. त्यावर तो ड्रमचा जज आधी म्हणतो, अरे उठ पोरा उठ, आणि पुढच्याच श्वासात, चार नंबर ऐकू येत नाहीये. म्हणजे मी डोळ्यांसमोर आडवा पडलोय हे दिसतंय त्याला आणि तरी त्याचं ते चालूच! मला तेव्हा जाम राग आलेला.

शो संपल्यावर आईने डबा उघडला, माझ्या कोपराला लागलेली माती पुसली आणि विचारलं, सगळं छान आहे रे, पण यात गणपती कुठंय? काय उत्तर देऊ, पोळी खाल्ली.

कुणी ओरडलं नाही, बंड्या. इन्स्ट्रक्टर नाही, कुणीच नाही. पण रात्री बस निघाली, दिवे बंद झाले, आणि तीन नंबरवाला, पेनसिल्व्हेनियातल्या शेतावरचा पोरगा, दिवसभरात दहा शब्द बोलायचा, त्याने पुढच्या सीटच्या पाठीवर बोटांनी ती तर्री सुरू केली. एक आणि दोनने उचलली, पाचने उचलली. माझ्या जागी थांबायचे. एक दोन तीन, रिकामं, पाच. मी खिडकीकडे तोंड करून बसलो, म्हटलं चिडवतायत, चिडवू देत. ते थांबेचनात. अर्धा तास तरी झाला असेल, मागून कुणीतरी शिव्या घातल्या की झोपू द्या, तरी नाही. शेवटी मी वैतागून काचेवर एक टिचकी मारली, बरोबर तिथे. तर्री पूर्ण झाली. आणि चौघे मेले लगेच झोपले!

आठवडाभराने मॅडिसनला फायनल. आमच्या छोट्या गटाचं आधीच होऊन गेलं होतं, शनिवारी कॅम्प रँडल स्टेडियममध्ये बसून मोठ्यांचं बघितलं. कॅव्हेलिअर्स नावाच्या कोरने ९९.१५ गुण घेतले, शंभरपैकी, तेव्हा एवढे कुणालाच मिळाले नव्हते. एवढी माणसं आणि एकाचं पाऊल इकडचं तिकडे नाही. मी मात्र त्यांच्या चार नंबरकडेच बघत होतो.

मग मी सोडलं. बाबांनी इंटर्नशिप लावून दिली आणि मी हो म्हणालो, भांडलोसुद्धा नाही. एज-आउटचं वर्ष केलंच नाही, शेवटच्या शोनंतर एकवीसवाले टोप काढून रडतात ते मी फक्त दुसऱ्यांचं बघितलंय. पुढे कोरपण बंद पडली, पैसे नव्हते. बाबांना मी हे कधी बोललो नाही आणि आता त्यांचं वय झालं.

पोरीला एवढंच विचार की तिच्या डावी-उजवीकडे कोण वाजवतं, नावं माहितीयेत का. आणि पुढच्या गणपतीला मी येतोय, तिकीट बघतोय. तुमच्या पथकात बाहेरचा माणूस चालतो का विचारून ठेव, टिपरू माझं माझं आणतो. ढोल कमरेला बांधताना पोटावरून हसलास तर तिथेच उलटा पाडीन.

वहिनींना नमस्कार, काकूंच्या गुडघ्याचं कळव.

तुझा,
पक्या