'घर क्रमांक'च्या चौकटीत काय लिहू?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पूर्ण नाव आणि पत्ता नसेल तर पत्र छापत नाही, अशी सूचना या सदराखाली नेहमी असते. नाव देते. पत्त्याचं मात्र आधी ऐकून घ्या, हे पत्रच त्यासाठी आहे.

मी महापालिका शाळेतली निवृत्त शिक्षिका. आमचे हे एसटीच्या कार्यशाळेत ३१ वर्षं मेकॅनिक होते. दोन वर्षांपूर्वी इंदिरानगरचा फ्लॅट विकला आणि एक ट्रॅव्हलर गाडी घरासारखी बांधून घेतली. आत दोन माणसांचा पलंग, दीड हाताचा ओटा, ऐंशी लिटरची पाण्याची टाकी, टपावर सोलरचे पत्रे. आरसी बुकात प्रकार म्हणून 'मोटार कॅराव्हॅन' लिहिलंय. वर्षातले सात-आठ महिने आम्ही नाशिक आणि आसपासच असतो, बाकीचे कोकणात, नाहीतर नर्मदेच्या बाजूला. सुनेच्या हाताखाली राहायला नको म्हणून ही थेरं, असं नातेवाईक म्हणतात. म्हणू देत.

आता गंमत पाहा. मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडीची नोंद मालक राहतो किंवा व्यवसाय करतो आणि गाडी एरवी उभी असते त्या पत्त्यावर होते. पत्ता बदलला तर ३० दिवसांत कळवायचं. मालक गाडीतच राहत असेल तर काय, हा प्रश्न कायदा करणाऱ्यांच्या डोक्यात आला नसावा. आमच्या गाडीची नोंद सिडकोतल्या नणंदेच्या पत्त्यावर आहे. म्हणजे गाडीला पत्ता आहे आणि तिच्यात झोपणाऱ्या आम्हा दोघांना नाही.

आधारवरही नणंदेचाच पत्ता आहे. कुटुंबप्रमुखाच्या संमतीने पत्ता बदलायची सोय जानेवारी २०२३ मध्ये आली, तिच्यामुळे ते जमलं. वन्सं मनाने मोठ्या, कधी नाही म्हणाल्या नाहीत. पण बँकेची, पेन्शनची, विम्याची सगळी पाकिटं त्यांच्या शू-रॅकवर साठतात आणि आम्ही गेलो की चहाआधी ती पुढ्यात येतात. एकदा त्या सहज म्हणाल्या, "सोसायटीत विचारतात, भाऊ-भावजय इथेच असतात का म्हणून." मला चहा गेला नाही.

कारण हा प्रश्न मी स्वतः दारोदार विचारलाय. अकरा वर्षं मी बीएलओ, म्हणजे घरोघर जाऊन मतदार यादी तपासणारी अधिकारी होते. शाळा सुटली की यादीचा गठ्ठा घेऊन गल्ल्या फिरायच्या. दार बंद, शेजारी म्हणाले 'येऊन-जाऊन असतात', की पेन्सिलीने खूण करायची. गैरहजर, स्थलांतरित, मयत अशी एएसडीची यादी असते, तिच्यात नावं भरायची. यादीत नवीन नाव घालायला येणाऱ्याला मी त्या अर्जाचं, म्हणजे फॉर्म ६ खालचं प्रतिज्ञापत्र मोठ्याने वाचून दाखवायचे: खोटी माहिती दिली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. तरुण पोरं हसायची. मी हसत नसे. आज तो फॉर्म समोर आला की 'घर क्रमांक'च्या चौकटीपाशी माझाच पेन थांबतो.

एक रात्र मात्र आठवते. द्वारकेच्या उड्डाणपुलाखाली राहणाऱ्या एका बाईचा अर्ज आला होता. बेघर माणसाला पत्त्याचा पुरावा मागायचा नाही, त्याऐवजी बीएलओने रात्री जाऊन तो माणूस खरंच तिथे झोपतो का ते पाहायचं, आणि तेही एकाहून जास्त रात्री, असा निवडणूक आयोगाचा नियम आहे. पहिल्या रात्री साडेदहाला गेले. खांबाला लागून पत्र्याची पेटी, पेटीवर घडी केलेलं चादरीचं अंथरूण, शेजारी चूल म्हणून मांडलेल्या तीन विटा. बाई जागीच होती. म्हणाली, "बाई, बसा. उद्या परत येणार ना? मग चहाची पावडर आणून ठेवते." दुसऱ्या रात्री खरंच चहा केला. तिचं नाव यादीत लागलं. ते काम मी अभिमानाने सांगत आलेय.

पण त्या नियमातही माणूस रोज एकाच जागी झोपतो हे धरलेलं आहे. माझ्याकडे बीएलओ पहिल्या रात्री आला तर मी गंगापूर धरणाच्या बाजूला असेन, दुसऱ्या रात्री अंजनेरीच्या पायथ्याशी.

कायदा मात्र कार्यालयातल्या टेबलापेक्षा शहाणा आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० च्या कलम २० मध्ये दोन गोष्टी स्पष्ट आहेत. केवळ मालकीचं घर आहे म्हणून कुणी तिथला 'सर्वसाधारण रहिवासी' ठरत नाही, आणि तात्पुरतं बाहेर गेलं म्हणून कुणाचं रहिवासीपण जातही नाही. याचा अर्थ प्रश्न भिंतींचा नाही, माणूस फिरून कुठे परत येतो याचा आहे. आम्ही नाशिकला परत येतो. माझी डोळ्यांची डॉक्टर इथे आहे, यांचा डबा पार्टीचा कट्टा इथे आहे, आणि गोदाकाठच्या भाजीवाल्याकडे आमची उधारी आहे.

मुलगा ह्यूस्टनला असतो. त्याच्याकडे गेलो तेव्हा तो आम्हाला तासा-दीड तासावरच्या लिव्हिंग्स्टन गावी घेऊन गेला. बारमाही गाडीत राहणाऱ्यांची एक संघटना तिथे आहे. हजारो सभासदांची टपाल तिथे येते, प्रत्येकाचा स्वतंत्र पेटी क्रमांक असतो, आणि त्यावर ते टेक्सासचे रहिवासी होतात. साउथ डकोटा राज्यात तर हॉटेलात किंवा कॅम्पमध्ये एक रात्र राहिल्याची पावती आणि टपालपेटीचा पत्ता दाखवला की ड्रायव्हिंग लायसन्स मिळतं. सगळं आलबेल आहे असं नाही. टपालपेटीचा पत्ता बघून तिथल्या बँकाही कुरकुरतात, मतदानावरून वाद झालेत, आणि टेक्सास, फ्लोरिडा, साउथ डकोटा ही तीन राज्यं लोक निवडतात त्यात राज्याचा प्राप्तिकर नाही हे मोठं कारण आहे. आपल्याकडे तसा कर राज्य घेतच नाही, तेव्हा कर चुकवायला निघालोय असं निदान आमच्याबाबत कुणी म्हणू नये. आमचे हे मात्र सारखे म्हणत होते, "पावती! एका रात्रीची पावती, बघ!"

आपल्याकडे महाराष्ट्राचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं. चांगलंच झालं. पण ते पाहुण्यांसाठी आहे. पाहुणा दोन रात्री राहतो आणि आपल्या पत्त्यावर परत जातो. ज्याचा पत्ताच चाकांवर आहे तो त्यात कुठे बसत नाही. आणि फिरस्त्याकडे संशयाने बघायची आपल्या सरकारी कागदांची सवय तर फार जुनी. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, तो १९५२ मध्ये गेला, पण माझ्या वर्गात वीटभट्टीवरून आलेल्या पोरांचे पालक दाखल्यासाठी रांगेत उभे राहत तेव्हा खिडकीतला पहिला प्रश्न तोच असायचा: "राहता कुठे?" आमच्याकडे पेन्शन आहे, आरसी बुक आहे, नणंद आहे. त्यांच्याकडे यातलं काही नसायचं. आमच्या हौशीची तुलना त्यांच्या हलाखीशी करत नाही, पण खिडकी एकच आहे.

मागच्या महिन्यात एका बँकेच्या शाखेत केवायसीसाठी गेले. सध्याचा पत्ता आधारपेक्षा वेगळा असेल तर स्वयंघोषणापत्र चालतं, हे मी वाचून गेले होते. टेबलापलीकडच्या मुलाने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मॅडम, लँडमार्क काय टाकू?"

सिंहस्थ २०२७ मध्ये आहे. त्यासाठी शहराभोवती वाहनतळ होतील, तंबूंची नगरं वसतील, पाणी आणि वीज खांबापर्यंत जाईल. मेळा उठल्यावर त्यातली एखादी जागा महापालिकेने कायमचा कॅराव्हॅन तळ म्हणून राखावी. राहील त्याला क्रमांक द्यावा, रात्रीची पावती द्यावी, टपालासाठी एक पेटी भाड्याने द्यावी. आणि वर्षातून अमुक इतक्या पावत्या असणाऱ्याला निवासाचा दाखला द्यावा. किती ते महापालिकेनेच ठरवावं. बीएलओने त्या तळावर रात्री केव्हाही यावं. चहाची पावडर माझ्याकडे कायम असते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका व माजी बीएलओ
(नाव सोबत दिले आहे, छापू नये. वन्संच्या सोसायटीत पुन्हा चर्चा नको.)
मुक्काम: गंगापूर धरणाजवळ, बुधवारपर्यंत. नंतर अंजनेरी.