तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना थँक यू (आणि लाइटबिलाबद्दल सॉरी)

काका, तोंडावर बोललो असतो तर तुम्ही "हो रे हो, चहा घे" म्हणून उडवून लावलं असतं, म्हणून इथे लिहितोय, काकू वाचून दाखवतील.

अकरावीच्या युनिट टेस्टच्या आदल्या रात्री मी गॅलरीत डोकं धरून बसलेलो. गणित एवढंच, वाय = ३ साइन(२एक्स − ६०°) + १, अ‍ॅम्प्लिट्यूड (मधल्या रेषेपासून लाटेची उंची), पिरियड (एक लाट किती अंशांत पुरी होते), शिफ्ट (लाट किती सरकली), रेंज (वाय कुठून कुठपर्यंत जातो) काढा. क्लासमध्ये विचारलं तर "फॉर्म्युला आहे, पाठ कर". मी शिफ्ट ६० लिहायचो आणि पुस्तकाच्या मागे उत्तर ३०, दर वेळी!!

तुम्ही लाइटबिल उलटं केलं, त्यावर लाट काढली आणि म्हणालात, आधी कंस शून्य कधी होतो ते बघ, लाट तिथून निघते. एक्स ३० टाकला, दोन तीसं साठ, वजा साठ, शून्य. बस्स. २ कॉमन काढा हे सगळेच सांगतात हो, का काढायचा ते त्या रात्री कळलं. पिरियड ३६० भागिले २, म्हणजे १८०, कारण कंस दुप्पट स्पीडने पळतोय. मग कपड्यांच्या दोरीकडे बोट केलंत, + १ म्हणजे दोरी एक घर वर बांधली, आता दोरीपासून ३ वर नि ३ खाली, म्हणजे रेंज −२ ते ४. आणि ३ च्या जागी −३ असता तरी अ‍ॅम्प्लिट्यूड ३च, लाट फक्त उलटी.

पण खरी मजा नंतर आली, आयुष्यभर वायरमनचं काम केलेला माणूस तुम्ही! आपल्या घरातली लाइट पण हीच लाट म्हणे, व्होल्टेज = ३२५ साइन(१०० पाय टी), पाय म्हणजे π, टी म्हणजे वेळ सेकंदात. मी म्हटलं २३० व्होल्ट ना? तर २३० ला रूट २ ने गुणायला लावलंत, टोक ३२५ ला. पिरियड २ पाय (इथे कोन रेडियनमध्ये, म्हणून ३६० च्या जागी) भागिले १०० पाय, १/५० सेकंद, म्हणून ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५० लाटा. पंख्याच्या रेग्युलेटरवर ५० हर्ट्झ लिहिलेलं रोज बघायचो, कधी विचारच केला नव्हता.

टेस्टमध्ये साइन-कॉसचे सगळे बरोबर आले, टॅन ३एक्सचा पिरियड मात्र १२० लिहून आलो. टॅनचा १८० वरून धरायचा, म्हणजे ६०, तुम्ही सांगितलेलं, मीच घाईत ३६० ला भागलं.

आणि हो, काकू परवा सगळीकडे शोधत होत्या ते बिल माझ्या रजिस्टरमध्ये आहे. संध्याकाळी आणून देतो, शेवटची तारीख उद्याची आहे.