माहेरघर रिकामे का राहते?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की मेळघाटातील बालमृत्यूंच्या बातम्या वृत्तपत्रांत येऊ लागतात, त्यामागोमाग दौरे आणि आढावा बैठका होतात आणि दिवाळीच्या सुमारास विषय मागे पडतो. १९९३ मध्ये येथील कुपोषणबळींनी राज्य हादरले, १९९५ मध्ये नवसंजीवन योजना आली आणि त्यानंतर भरारी पथके, रुग्णवाहिका, पोषण आहार असे बरेच काही या डोंगरात पोहोचले. ते आले नसते तर परिस्थिती याहून वाईट असती, हे मी मान्य करते, कारण त्याच व्यवस्थेत आधी आरोग्यसेविका व पुढे आरोग्य सहाय्यिका म्हणून मी धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत नोकरी केली आहे. परंतु जे पाठवले गेले ते कसे वापरायचे, हे ज्यांच्यासाठी पाठवले त्यांना कोणी विचारले नाही. माझी तक्रार नेमकी ही आहे.

माहेरघर योजनेचेच पाहा. दुर्गम पाड्यावरील गरोदर स्त्रीला प्रसूतीच्या काही दिवस आधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात आणून ठेवावे, म्हणजे नाल्याला पूर आला तरी तिचा जीव धोक्यात येणार नाही, ही कल्पना उत्तम आहे. मी ज्या केंद्रात होते तेथे मात्र माहेरघराच्या एका खोलीत ब्लिचिंग पावडरची पोती आणि मोडक्या खाटा रचलेल्या असत व मासिक अहवालात ‘लाभार्थी येण्यास तयार नाहीत’ असे वाक्य जात असे. ते वाक्य मीही कित्येकदा लिहिले. एकदा आशाताईंबरोबर एका पाड्यावर गेले असता नववा महिना लागलेल्या एका कोरकू मुलीला मी थेट विचारले, तेव्हा तिने अंगणात बांधलेल्या दोन शेळ्या आणि मोतीबिंदूने अधू झालेली सासू दाखवली आणि म्हणाली, ‘‘यांना कोण बघेल? आणि तिथे मी बोलू कोणाशी?’’ नवरा मजुरीसाठी बाहेरगावी होता, आणि केंद्रात आम्हां कोणालाच धड कोरकू येत नव्हती.

त्यानंतर ग्रामसभेत हा विषय निघाला आणि बायकांनीच मार्ग काढला. शेळ्या शेजारणीने सांभाळायच्या, सासूलाही सोबत आणू द्यायचे, स्वयंपाक कंत्राटदाराऐवजी गावच्या बचत गटाने करायचा आणि ज्वारीची भाकरी द्यायची, असे ठरले. गटातील एक जाणती बाई रात्री सोबतीला थांबू लागली. त्या पावसाळ्यात मोडक्या खाटा आम्हाला बाहेर काढाव्या लागल्या. यासाठी नवीन इमारत लागली नाही की नवीन योजना.

गावकऱ्यांना विश्वासात घेतल्याने फरक पडतो, ही केवळ माझी भाबडी समजूत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत जेमतेम शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळाचे वजन करणे, ऊब देणे, श्वास गुदमरलेल्या बाळाला वाचवणे आणि जंतुदोष झाल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे शिकवले. तेथील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे केंद्र सरकारने २०११ पासून आशांमार्फत घरच्या घरी नवजात बालसेवा देशभर नेली. त्याहीआधी, १९७० पासून, जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी निरक्षर स्त्रियांना ग्राम आरोग्यसेविका म्हणून उभे केले होते. म्हणजे वाट याच राज्यात सापडलेली आहे, आणि तरीही मेळघाटासाठी नव्या घोषणा का लागतात, हे मला उमगलेले नाही.

२००७ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली अमरावतीसह पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा याच वाटेवरचे आणखी एक पाऊल पडले होते. गावकऱ्यांनी स्वतः उपकेंद्राची पाहणी करायची, सेवा चांगली, बरी की वाईट हे रंगांनी दाखवायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांनी सर्वांसमोर उत्तर द्यायचे, अशी ती पद्धत होती. अशा एका सुनवाईत मी उत्तरे देणाऱ्यांच्या रांगेत बसले होते. एका बाईने पदराच्या गाठीतून औषध दुकानाची चिठ्ठी काढली आणि विचारले, ‘‘ही गोळी त्या दिवशी तुमच्या कपाटात होती का?’’ साठा नोंदवही उघडली, तर गोळ्या शिल्लक होत्या. मला मान वर करवेना. दुसऱ्या आठवड्यापासून उपलब्ध औषधांची यादी केंद्राच्या दाराशी फळ्यावर खडूने लिहिली जाऊ लागली. वरून आलेल्या कितीतरी परिपत्रकांनी जे साधले नव्हते, ते त्या एका प्रश्नाने झाले. माझ्या निवृत्तीपर्यंत आमच्या भागातील जनसुनवाया मात्र विरळ होत गेल्या.

हल्ली प्रत्येक आराखड्यात ‘लोकसहभाग’ हा शब्द असतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ बहुधा ठरावावर सह्या घेणे किंवा आशाताईंवर आणखी एक विनामोबदला काम टाकणे एवढाच उरतो. गावाच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला वर्षाला दहा हजार रुपयांचा अबंधित निधी असतो, पण माझ्या अनुभवात तो फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती येई आणि ३१ मार्चपूर्वी खर्चायचा म्हणून वरून सुचवलेल्या वस्तू घेतल्या जात. बंध नसलेल्या निधीला असा बंध घालणारे कोण, हे शोधायला चौकशी समितीची गरज नाही.

भुमकांविषयीही, म्हणजे गावातील पारंपरिक वैदूंविषयीही, थोडे लिहिते. बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके दिले जातात ते थांबलेच पाहिजेत, याविषयी दुमत नाही. पण आजारी मूल आधी भुमकाकडे जाते, हे वास्तव त्याच्यावर केवळ गुन्हे दाखल करून बदलत नाही. ज्या भुमकाशी आम्ही सन्मानाने बोललो, त्यानेच पुढे दोन तापलेली मुले स्वतः उचलून उपकेंद्रात आणली होती.

म्हणून आरोग्य विभागाला आणि जिल्हा परिषदेला माझी विनंती आहे की, समित्यांचा निधी जूनपूर्वी द्यावा आणि तो कशावर खर्चायचा हे गावावर सोपवावे. जनसुनवाई वर्षातून दोनदा नेमाने घ्यावी आणि तिच्यातील आश्वासनांचे काय झाले ते पुढच्या सुनवाईत आधी वाचून दाखवावे. प्रत्येक माहेरघरात कोरकू बोलणारी स्थानिक स्त्री मानधनावर नेमावी. आणि समितीची बैठक सकाळी अकरा वाजता ठेवू नये. त्या वेळी गाव शेतात असते आणि हजेरीपटावर फक्त आम्हां कर्मचाऱ्यांच्या सह्या उरतात. ती दिवेलागणीनंतर घ्यावी, आणि इतिवृत्त कोरकूतून वाचून दाखवल्यावरच सह्या घ्याव्यात.

आपली,
एक सेवानिवृत्त आरोग्य सहाय्यिका,
परतवाडा, जि. अमरावती