पाय लांब करण्याचे उपचार : घराला शिकवा, शाळेला सांगा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

उंची वाढवण्याच्या शस्त्रक्रियांविषयी अलीकडे वृत्तपत्रांतून आणि समाजमाध्यमांवर बरेच काही येऊ लागले आहे. त्यामुळे माझ्या दहा वर्षांच्या मुलीच्या पायाभोवतीची स्टीलची कडी पाहून एसटीत, दवाखान्यात, एवढेच काय लग्नाच्या मांडवातही लोक विचारत, ‘एवढ्या लहान मुलीची उंची कशाला वाढवताय?’ आम्हाला तिची उंची वाढवायची नव्हती. तिचे दोन्ही पाय सारखे टेकावेत, एवढेच हवे होते. जन्मतःच तिच्या उजव्या पायात नडगीच्या बाजूचे बारीक हाड नाही आणि त्यामुळे नडगीचे हाडही डाव्या पायाच्या मागे पडत गेले. हा फरक वयाबरोबर वाढतो. बालवाडीत असताना तीन सेंटीमीटर होता, तो गेल्या वर्षी पाच सेंटीमीटर झाला आणि बुटाला लावलेला उंच तळ तिला पेलेनासा झाला, तेव्हा आम्ही मे महिन्यात पुण्यातील एका रुग्णालयात आखूड पाय लांब करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली.

ही पद्धत सोव्हिएत रशियातील कुर्गान येथील डॉ. गाव्रिल इलिझारोव्ह यांनी १९५०च्या दशकात विकसित केली. हाड एका जागी कापतात, त्याच्या वरच्या व खालच्या भागांतून तारा आरपार नेऊन त्या गोल कड्यांना ताणून बसवतात आणि कड्या सळ्यांनी जोडतात; या सांगाड्यालाच फ्रेम म्हणतात. पाच-सात दिवस थांबून मग सळ्यांवरील नट दर वेळी पाव फेरा याप्रमाणे दिवसातून चार वेळा फिरवायचे असतात. प्रत्येक पाव फेऱ्याने हाडाची दोन टोके पाव मिलिमीटर दूर जातात, म्हणजे दिवसाला एक मिलिमीटर, आणि त्या फटीत शरीर नवे हाड तयार करते. पाच सेंटीमीटरसाठी पन्नास दिवस लागले आणि ते कोवळे हाड पक्के होण्यासाठी फ्रेम त्यानंतरही पाच महिन्यांहून अधिक काळ पायावर राहिली. शस्त्रक्रियेला काही तास लागले. बाकी सारे उपचार कराडच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात, माझ्या, माझ्या यजमानांच्या आणि सासूबाईंच्या हातांनी झाले. रुग्णालये आणि शाळा यांनी नेमके हेच लक्षात घ्यावे, अशी माझी विनंती आहे.

नट फिरवायचा दहा नंबरचा पाना आम्ही कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवला होता. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा या वेळा ठरलेल्या होत्या आणि प्रत्येक वेळेची खूण वहीत करायची होती. रुग्णालयातून घरी सोडताना हे काम आम्हाला एकदाच, तेही घाईत, दाखवण्यात आले. तिसऱ्या दिवशी चारपैकी मागच्या सळीवरचा नट यजमानांच्या हातून उलट्या दिशेने फिरला आणि पुढचा दीड दिवस तसाच फिरत राहिला, कारण त्या बाजूने बसून पाहिले की ‘उजवीकडे’ कशाला म्हणायचे हेच कळत नसे. ‘आई, मागे वेगळंच ओढतंय,’ असे मुलगी सांगत होती आणि आम्ही तिला धीर धरायला सांगत होतो. वहीतील खुणा आणि सळीवरचे माप जुळेना, तेव्हा आम्ही दूरध्वनी केला. डॉक्टरांनी चूक सुधारून घेतली आणि सुदैवाने पुढे त्रास झाला नाही. परंतु यजमान त्या रात्री पाना हातात घेऊन ओट्यापाशी उभे होते, ते मी विसरू शकत नाही. हाडाची टोके जवळ दाबण्यासाठी असलेले दांडे एका रुग्णाने चुकून उलट फिरवले आणि त्यातूनच हाड लांब करता येते हे इलिझारोव्ह यांच्या ध्यानात आले, असे सांगितले जाते. आमच्या घरी तशाच चुकीने एका मुलीला दीड दिवस जास्तीचे दुखले. ते टाळणे अवघड नव्हते. घरी सोडण्यापूर्वी आई-वडिलांनी परिचारिकेसमोर किमान चार वेळा स्वतःच्या हाताने नट फिरवून दाखवावा, प्रत्येक सळीवर दिशेचा बाण रंगवलेला असावा आणि चित्रांसह एक पान मराठीत लिहून द्यावे, इतके केले तरी पुष्कळ झाले असते.

पाना हे त्यातल्या त्यात सोपे काम. तारा कातडीत शिरतात ती प्रत्येक जागा रोज उकळून निववलेल्या मिठाच्या पाण्याने पुसावी लागे आणि तिथे लाली, पाणी किंवा ऊब दिसते का हे पाहावे लागे. गुडघा आखडू नये म्हणून त्याखाली उशी ठेवायची नसते. उशी टाचेकडे ठेवायची, म्हणजे गुडघा सरळ ताणला जातो. दुखणाऱ्या पायाखाली मऊ उशी सरकवावी, असे सासूबाईंना रात्री हटकून वाटे आणि त्यांना अडवताना मलाच अपराध्यासारखे होई. हाड वाढते, पण स्नायू आणि शिरा तितक्या लवकर वाढत नाहीत, म्हणून रात्री पोटरीत कळा येत. व्यायामाच्या वेळी ती रडायची आणि धाकटा भाऊ कानांवर हात ठेवून गॅलरीत जाऊन बसायचा. त्या महिन्यांत त्याच्याकडे आमचे फार दुर्लक्ष झाले. पायजम्याची एक शिवण उसवून नाड्या लावणे, कमोडची खुर्ची भाड्याने आणणे, फ्रेम चादरीत अडकू नये म्हणून तिला जुन्या साडीचे आवरण शिवणे, ही कामे कोणी सांगितली नव्हती. ती एकामागून एक समोर आली. चौथ्या आठवड्यात दुपारचा नट तिने स्वतः फिरवायला घेतला, आजी फक्त शेजारी बसत. त्या दिवसापासून ती पायाकडे बघून बोलू लागली. तोवर ती त्याच्याकडे पाहतच नव्हती.

पंधरा दिवसांनी एक्स-रेसाठी पुण्याला जायचे म्हणजे जाऊन-येऊन सव्वातीनशे किलोमीटर. एसटीत पाय लांब करायला जागा मिळत नाही, म्हणून गाडी ठरवावी लागे. रस्त्याच्या कामामुळे बसणारा प्रत्येक हादरा तिला तारांतून जाणवत असे. तोच एक्स-रे साताऱ्यात किंवा कराडात काढून डॉक्टरांना पाठवता आला असता तर यांतल्या निम्म्या फेऱ्या वाचल्या असत्या. आम्ही तशी विनंती केली होती.

सर्वांत अधिक मनाला लागले ते शाळेचे. जूनमध्ये मी पाचवीच्या प्रवेशाबाबत भेटले, तेव्हा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे आणि मुलीला काही झाले तर जबाबदारी कोण घेणार, म्हणून ‘हे निघेपर्यंत घरीच ठेवा’ असा सल्ला मला मिळाला. अपंगत्वाचे प्रमाणपत्र मागण्यात आले. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ प्रमाणे सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागते; आमच्या मुलीचे त्याहून कमी भरते. ज्या सात महिन्यांत ती एक पायरी स्वतः चढू शकत नव्हती, त्या महिन्यांसाठी दाखवायला आमच्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीपलीकडे कोणताच कागद नव्हता. मला सुट्टी मिळण्याची अडचण तशीच. राज्य सरकारी महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा असते. पतसंस्थेत काम करणाऱ्या मला ती लागू नाही आणि मी तीन महिने बिनपगारी राहिले.

ऑगस्टमध्ये तिच्या वर्गशिक्षिका बाईंनी स्वतःहून आपला वर्ग तळमजल्यावरच्या चित्रकलेच्या खोलीत हलवला, पाय ठेवायला एक बाक आडवा लावला आणि मुलांना फ्रेम म्हणजे काय ते मुलीकडूनच वर्गासमोर सांगवले. यासाठी शाळेला एक रुपयाही खर्च आला नाही. बाई नसत्या तर वर्ष गेले असते. माझे म्हणणे इतकेच आहे की, शिक्षण विभागाने एक साधे परिपत्रक काढावे : उपचारांमुळे काही महिने चालता न येणाऱ्या मुलाचा वर्ग तळमजल्यावर आणावा, त्याची हजेरी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ग्राह्य धरावी आणि त्यासाठी टक्केवारीचे प्रमाणपत्र मागू नये.

फ्रेम डिसेंबरमध्ये निघाली. आता दोन्ही टाचा टेकतात आणि ती एकसारख्या तळाच्या चपला घालून दुकानात गेली. मात्र मुलगी वाढते आहे, तसा फरकही पुन्हा पडणार आहे, आणि चौदाव्या वर्षाच्या सुमारास आणखी एकदा हेच करावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. त्या वेळी ती नववीत असेल. तिच्या शाळेत नववीचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे.

आपली,
एक पालक, कराड