आजीला फोटो नको, फोन लावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी ७९ वर्षांची आजी आहे, हे पत्र मोबाईलमध्ये बोलून टाईप करतेय त्यामुळे शुद्धलेखन सांभाळून घ्या. कोरोनावर खूप लिहून झालं पण ही एक गोष्ट कुणी बोलताना दिसत नाही. त्या दोन वर्षांत मी घरात एकटी होते तरी घरातलं एकही कार्य माझ्याशिवाय झालं नाही, आणि आता सगळं मोकळं झालंय तर माझ्याशिवायच होतंय.

११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने महामारी जाहीर केली, म्हाताऱ्यांना धोका जास्त म्हणून पोरांनी माझ्याकडे यायचं बंद केलं, बरोबरच होतं ते. तोवर फोन म्हणजे कानाला लावायचा एवढंच मला माहीत. पण त्या एप्रिलमध्ये व्हॉट्सॲपवर चाराच्या जागी आठ जण एका वेळी दिसायला लागले आणि आमचं अख्खं घर एका स्क्रीनवर मावलं. खिडकीकडे पाठ केली की तोंड काळं दिसतं, फोन हातात धरला की थरथरतो म्हणून डब्याला टेकवून ठेवायचा, हे सगळं मला नातवाने तासन् तास न कंटाळता शिकवलं.

नोव्हेंबरात धाकट्याला मुलगी झाली. दवाखान्यात एकालाच सोडत होते, त्याने तिथूनच कॉल केला. बाळ दोन तासांचं, मूठ गच्च मिटलेली आणि अंगठा आत. मी न राहवून स्क्रीनवर बोट फिरवायला गेले आणि कॉल कट झाला, परत लागेपर्यंत मला जे रडू आलं ते अजून आठवतं. मग रोज सातला कॉल. सगळ्यांनी मिळून तिला गाणं म्हणायचं ठरवलं तर जमेचना, प्रत्येकाचा आवाज थोडा उशिरा पोचतो ना, मग गाणं मी एकटीने म्हणायचं आणि बाकीच्यांनी माईक बंद ठेवायचे असं ठरलं. मोठ्या नातीचं लग्न झूमवर बघितलं, फुकटातली मीटिंग ४० मिनिटांत बंद पडते म्हणून नातवाने दुसरी लिंक आधीच पाठवून ठेवली होती. इतकं कोण कुणासाठी करतं हो, पण केलं पोरांनी.

८ डिसेंबर २०२० ला ब्रिटनमध्ये ९० वर्षांच्या एका आजींना फायझरची लस दिली, चाचण्या सोडल्या तर जगात पहिल्या त्याच. आता घरच्यांना भेटता येईल असं त्या म्हणाल्या, ते ऐकून मला वाटलं आपलीच कुणीतरी बोलतेय. माझे दोन डोस झाल्यावर धाकटा बाळाला घेऊन आला, दहा महिन्यांची होती. मी दारातूनच हाक मारली तर ती माझ्याकडे बघेचना, टेबलावर फोन होता त्याच्याकडे बघत राहिली. परत हाक मारली तेव्हा एकदा फोनकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही हात पुढे केले. आवाज ओळखला होता पोरीने.

आता माझे गुडघे साथ देत नाहीत, लांबचा प्रवास होत नाही. मे २०२३ मध्ये कोरोनाची आणीबाणी संपली असं जाहीर झालं, सगळे एकमेकांकडे जायला लागले आणि आमचा सातचा कॉल कधी बंद पडला ते कळलंसुद्धा नाही. मागच्या वर्षी नातवाला डिग्री मिळाली, त्या दिवशी मी साडी नेसून फोनजवळ बसले होते. दुसऱ्या दिवशी ४६ फोटो आले. फोटो छानच आहेत, पण त्याचं नाव पुकारलं तेव्हा मला टाळी वाजवायची होती, ती आता कुठे वाजवू?

कुणी मुद्दाम करत नाही हे मला कळतं. गडबडीत फोन लावायचं काम सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नसतं. म्हणून ज्यांच्या घरी माझ्यासारखं कुणी घरात अडकून पडलेलं आहे त्यांना हात जोडून सांगते, कार्याच्या आधीच एका माणसाला हे काम द्या. त्याने फोन धरायचा आणि आपण स्वतः कमी बोलायचं, कारण सगळे एकदम बोलले की आमच्यासारख्या कमी ऐकू येणाऱ्यांना नुसता कालवा ऐकू येतो. दहा मिनिटं दिलीत तरी पुष्कळ झालं.

पुढच्या महिन्यात त्याच नातवाचं लग्न आहे. फोन कोण धरणार असं मी यावेळी स्पष्टच विचारलं, तर ती दवाखान्यातली मूठवाली म्हणाली, आजी मी धरते.

आपली,
एक आजी